सुतासारखे सरळ : चाकांच्या अलाइनमेंटचा एक घरगुती इतिहास

१९८७ साली पुण्याच्या जुन्या बाजारात, पाने-पकडी आणि बंद पडलेल्या घड्याळांच्या ढिगाशेजारी, मला एक जाड इंग्रजी पुस्तक मिळाले. हेन्स या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेचे ते दुरुस्ती-मॅन्युअल होते, एका स्पोर्ट्स कारचे. ती मोटार मी तोवर पाहिलीही नव्हती. पण मी सतरा वर्षांचा होतो, शिक्षण सोडून एका गॅरेजमध्ये हाताखाली काम करत होतो, आणि मोटारीचे पोट उघडून दाखवणारे पुस्तक मराठीत मला मिळाले नव्हते. शब्दकोश शेजारी ठेवून मी ते दोन वर्षे वाचले. मला जे इंग्रजी येते, त्यातले बरेचसे त्या पुस्तकातून आले आहे.

सगळे तुम्ही स्वतः करू शकता, असा त्या पुस्तकाचा एकूण सूर होता. इंजिन उतरवा, पिस्टन बदला, गिअरबॉक्स सोडवा, ब्रेकच्या नळ्या नव्या टाका. फक्त एका ठिकाणी हा सूर बदलत असे. पुढच्या चाकांच्या अलाइनमेंटपाशी पुस्तक थांबायचे आणि सांगायचे, की याला खास उपकरणे लागतात, तेव्हा हे काम योग्य साधने असलेल्या गॅरेजकडे सोपवावे. पुढे मी हेन्सची आणखी बरीच मॅन्युअले पाहिली. त्यांतल्या अनेकांत हीच सूचना थोड्याफार फरकाने आहे.

इंजिन घरी उघडू देणारे पुस्तक, चार चाके सरळ आहेत का एवढे घरी पाहू का देत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. छापलेले आहे म्हणजे खरे, असे मानण्याचे ते वय होते. त्या मानण्यापायी मी एका माणसाचा अपमान केला. तो प्रसंग पुढे येईलच. त्याआधी या प्रश्नामागचा जो इतिहास मला गेल्या काही वर्षांत जुळवता आला, तो मांडतो.

तीन कोन

अलाइनमेंट म्हणजे मुख्यतः तीन कोनांचा हिशेब. पहिला टो. मोटारीकडे वरून पाहिले, तर समोरासमोरच्या चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतात किंवा एकमेकांपासून दूर. आत वळलेली असली तर टो-इन, बाहेर वळलेली असली तर टो-आउट. दुसरा कॅम्बर. पुढून पाहिले तर चाक उभे आहे, वरून आत झुकले आहे, की बाहेर. तिसरा कॅस्टर. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, तिरका असतो. मोटारीतही ज्या अक्षाभोवती पुढचे चाक वळते, तो अक्ष असाच मागे कललेला असतो. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मधोमध येते, त्याला मोठे कारण हा कल आहे.

या तिघांत टायर खाणारा खरा कोन म्हणजे टो. तेरा इंची रिमचा बाहेरचा व्यास साधारण ३५५ मिलिमीटर धरू. रिमची पुढची कड मागच्या कडेपेक्षा फक्त एक मिलिमीटर आत असली, तर ते चाक दर किलोमीटरला सुमारे २.८ मीटर आडवे घासत जाते. पुणे-मुंबई हे दीडशे किलोमीटरचे अंतर धरले, तर चारशे मीटरांहून अधिक. टायरची कड करवतीसारखी का होते, ते एवढ्या गणितावरून कळते.

मग सगळे कोन शून्य का ठेवू नयेत? कारण उभी मोटार आणि धावती मोटार यांत फरक असतो. मागच्या चाकांवर चालणारी मोटार धावू लागली, की जमिनीचा विरोध पुढच्या चाकांना मागे ढकलतो. रबरी बुश दबतात, सांध्यांतली ढील निघते आणि चाके किंचित बाहेर उघडतात. म्हणून ती उभी असताना किंचित आत ठेवायची. वळणावर गाडी एका बाजूला कलते, बाहेरच्या चाकाचा टायर बाहेरच्या कडेवर चढतो. म्हणून ते चाक आधीच थोडे आत झुकलेले ठेवायचे.

स्पोर्ट्स कारचा प्रश्न इथून वेगळा होतो. घरगुती मोटारीच्या मालकाला टायर टिकायला हवेत आणि गाडी सरळ चालायला हवी. कारखाना एक मर्यादा देतो, तिच्या आत कुठेही कोन आला तरी त्याचे भागते. स्पोर्ट्स कारच्या मालकाला मात्र वळण हवे असते. पुढे टो शून्य ठेवला तर स्टिअरिंगला उत्तर चटकन मिळते, मागे टो-इन ठेवला तर शेपूट जागेवर राहते, चारी चाकांना आत झुकाव दिला तर वळणावर पकड वाढते. त्यासाठी टायरची आतली कड लवकर झिजली तरी तो चालवून घेतो. त्याला मर्यादेच्या आतला कुठलाही आकडा चालत नाही. त्याला ठरावीक आकडा हवा असतो, आणि तो डाव्या-उजव्या बाजूला सारखा हवा असतो.

चित्रे विकणारा पेटंटधारक

हे कोन मोटारीबरोबर जन्मले नाहीत. इंग्लंडमधल्या घोडागाड्यांची चाके बशीसारखी खोलगट असत आणि आसाची टोके किंचित खाली वाकवलेली असत. त्यामुळे चाक वरच्या बाजूला बाहेर झुके आणि जमिनीवर भार घेणारा आरा मात्र उभा राही. आजच्या भाषेत हा पॉझिटिव्ह कॅम्बर. आसाची टोके थोडी पुढेही वळवत, म्हणजे टो-इन देत. चाके घडवणारे कारागीर हे दोरी आणि लाकडी साच्यांवर जमवत. आपल्याकडे ‘सुतार’ हा शब्दच सूत्रधार या शब्दावरून आला आहे. सूत धरणारा तो सुतार. वर्कशॉपमध्ये इंचाच्या आठव्या भागाला अजूनही एक सूत म्हणतात.

चाके कशी वळावीत, याचा विचारही घोडागाडीतच सुरू झाला. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, बाहेरचे मोठ्या. दोन्ही चाके समांतर वळली तर एक घासणारच. म्हणून आतले चाक जास्त वळायला हवे. चार्ल्स डार्विनचे आजोबा इरॅस्मस डार्विन हे लिचफील्डचे डॉक्टर होते आणि रोग्यांना भेटायला गाडीतून सतत हिंडत. त्यांनी अठराव्या शतकातच अशी वळणारी चाके योजली होती, पण पेटंट घेतले नाही. पुढे म्युनिकचा गाडी बनवणारा गेऑर्ग लांकेन्स्पेर्गर याने स्वतंत्रपणे हीच रचना केली. लंडनमध्ये तिचे पेटंट १८१८ मध्ये घेतले ते त्याच्या एजंटाने, रूडॉल्फ आकरमान याने. हा आकरमान जन्माने जर्मन, लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावर छापील चित्रे आणि पुस्तके विकणारा, एका नामांकित सचित्र मासिकाचा प्रकाशक. तरुणपणी तो घोडागाड्यांची चित्रे काढत असे, आणि नेल्सनच्या अंत्ययात्रेतल्या गाडीचे कामही त्याच्याकडे होते. आज जगभरच्या मोटार-अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही रचना त्याच्या नावाने आहे. घडवणारा कारागीर तळटिपेत गेला आणि छापणारा मथळ्यात राहिला. मासिकांच्या वाचकांना याचे नवल वाटू नये.

कर वाचवणारी मोटार

मोटारीची अलाइनमेंट घरी करण्याची परंपरा मुख्यतः ब्रिटनमध्ये वाढली, आणि तिला एका कराचाही हातभार लागला. १९४० मध्ये तिथे खरेदी-कर आला. तो पूर्ण तयार मोटारीवर होता, सुट्या भागांवर नव्हता. युद्धानंतर ज्यांना वेगवान मोटार हवी होती पण परवडत नव्हती, त्यांनी जुन्या ऑस्टिन सेव्हनच्या सांगाड्यावर स्वतःची मोटार उभारायला सुरुवात केली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये अभियांत्रिकी शिकणाऱ्या कॉलिन चॅपमन याने आपली पहिली मोटार १९४८ मध्ये अशीच ऑस्टिन सेव्हनवर बांधली, मैत्रिणीच्या घरच्या गॅरेजमध्ये. त्यातून लोटस कंपनी झाली. १९५७ मध्ये आलेली लोटस सेव्हन ही मोटार सुट्या भागांच्या रूपात मिळे आणि गिऱ्हाईक ती घरी जोडी. जोडणीच्या सूचना बरोबर दिल्या तर कर लागेल, म्हणून मोटार सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाइकाने त्या उलट वाचाव्यात, अशी एक गोष्ट सांगितली जाते. १९७३ मध्ये खरेदी-कर जाऊन व्हॅट आला तेव्हा सुट्या भागांची ही सवलत संपली.

जॉन हेन्सही याच वातावरणातला. शाळेत असतानाच त्याने एक ऑस्टिन सेव्हन बदलून स्पोर्ट्स मोटार केली आणि १९५६ मध्ये ती कशी केली याची पुस्तिका छापली. तिच्या २५० प्रती दहा दिवसांत संपल्या. हेन्सच्या नावाने ओळखले जाणारे पहिले मॅन्युअल १९६६ मध्ये आले, ऑस्टिन-हीली स्प्राइट या स्पोर्ट्स कारचे.

ऑस्टिन सेव्हनच्या पुढे एकसंध लोखंडी आस होता. कॅम्बर आणि कॅस्टर कारखान्यातच ठरून येत. मालकाच्या हाती फक्त टो होता. दोन चाकांना जोडणारा ट्रॅक रॉड आट्यांवर फिरवून लांब-आखूड करायचा आणि रिमच्या पुढच्या कडांमधले व मागच्या कडांमधले अंतर लाकडी काठीने पडताळायचे. त्या पिढीला अलाइनमेंट घरी करणे म्हणजे धाडस वाटतच नव्हते. मग त्याच पिढीतल्या माणसाच्या पुस्तकांत ‘हे गॅरेजकडे न्या’ असे का आले?

काम दुकानात गेले

उत्तर मोटारीच्या पोटातल्या बदलात आहे. एकसंध आस गेला आणि प्रत्येक चाकाला वेगळा झुला मिळाला. १९५९ ची ट्रायम्फ हेराल्ड घ्या. तिचे पुढचे प्रत्येक चाक दोन आडव्या आर्मांवर तोललेले आहे. कॅम्बर बदलायचा तर खालच्या आर्मच्या बुडाशी पातळ पत्रे, म्हणजे शिम, घालायचे किंवा काढायचे. मागची चाकेही स्वतंत्र. हीच मोटार १९६१ पासून मद्रासला स्टँडर्ड हेराल्ड म्हणून बनू लागली आणि आपल्या रस्त्यांवर आली. लोटसने १९६२ च्या एलान या गाजलेल्या स्पोर्ट्स कारसाठी पुढच्या चाकाचा उभा आधारभाग ट्रायम्फच्या याच घराण्यातून घेतला. पुण्यामुंबईचे मिस्त्री ज्या तुकड्याला ग्रीस भरत होते, त्याचा सख्खा भाऊ इंग्लंडच्या रेसिंग ट्रॅकवर पळत होता.

कोन वाढले तशी मोजण्याची साधने वाढली. अमेरिकेत सेंट लुईसच्या ली हंटर याची १९४६ पासूनची कंपनी चाकावर बसवलेल्या उपकरणातून प्रकाश पडद्यावर पाडून कोन दाखवू लागली. ब्रिटनमधल्या गॅरेजांत डनलॉपचे आरशाचे गेज आले. पुढे इलेक्ट्रॉनिक यंत्रे आली आणि १९९० च्या दशकात कॅमेऱ्यांची. ही यंत्रे महाग, म्हणून त्यांच्यावर दिवसाला जितकी वाहने जातील तितके बरे. टायरच्या दुकानांना हे सोयीचे होते, कारण नवा टायर घेणाऱ्याला अलाइनमेंट लागतेच.

म्हणजे काम दुकानात गेले, ते दोरीला कोन मोजता येत नव्हते म्हणून नव्हे. कोन अनेक झाले, ते एकमेकांवर अवलंबून राहू लागले आणि वेळ पैशात मोजला जाऊ लागला, म्हणून ते गेले. शिवाय सुटलेला टाय रॉड जिवावर बेततो. लाखो वाचकांसाठी लिहिणाऱ्या प्रकाशकाने इथे सावध राहावे, हेही समजण्यासारखे आहे. पण सावधपणाचे वाक्य वाचणाऱ्याच्या मनात ‘हे घरी होतच नाही’ असे होऊन बसते. माझ्या मनात तसेच झाले.

मिस्त्रींच्या पट्ट्या

१९८८ च्या पावसाळ्यात आमच्या गॅरेजमध्ये एका डॉक्टरांची स्टँडर्ड हेराल्ड आली. ती डावीकडे ओढत होती आणि डाव्या पुढच्या टायरची आतली कड गेली होती. मिस्त्रींनी भिंतीला टेकवलेल्या दोन सागवानी पट्ट्या आणल्या. दोन्हींना टोकाकडे एकेक खाच होती. एक पट्टी गाडीच्या पुढे, एक मागे, रंगाच्या रिकाम्या डब्यांवर, चाकाच्या मध्याच्या उंचीला. खाचांतून दोन्ही बाजूंना गवंड्याची दोरी ताणली. मग ते एका चाकापासून दुसऱ्या चाकाकडे फिरत, पट्टी कधी डावीकडे कधी उजवीकडे बोटभर सरकवत, चाकाच्या मध्यापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजत राहिले. अर्धा तास गेला.

डॉक्टर उभे होते. मी त्यांना म्हणालो, “साहेब, हे असं दोरीनं होत नाही. याला मशीन लागतं. पुस्तकात दिलंय.” आणि आत जाऊन पुस्तक आणून ते पान दाखवले. डॉक्टरांनी पान वाचले, मिस्त्रींकडे पाहिले, आणि गाडी शहरातल्या मोठ्या गॅरेजमध्ये नेतो म्हणाले. मिस्त्रींनी दोरी गुंडाळली. मला ते काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

त्या पट्ट्यांत काय होते, ते समजायला मला वीस वर्षे लागली. दोन्ही पट्ट्यांवरच्या खाचांमधले अंतर अगदी सारखे होते. त्यामुळे दोन दोऱ्या आपोआप समांतर होत. मग उरे एकच काम, गाडी त्या दोन दोऱ्यांच्या बरोबर मध्ये आणणे. म्हणून पुढच्या दोन चाकांच्या मध्यापासूनची अंतरे आपसांत सारखी आणि मागच्या दोन चाकांची आपसांत सारखी होईपर्यंत पट्ट्या सरकवायच्या. पुढची चाके मागच्यांपेक्षा थोडी जवळ किंवा दूर असली तरी बिघडत नाही. एवढे झाले, की दोरी गाडीच्या मध्यरेषेला समांतर असते. त्यानंतर प्रत्येक रिमची पुढची कड आणि मागची कड दोरीपासून किती दूर, ते पट्टीने पाहायचे. फरक म्हणजे त्या चाकाचा टो.

याचा काटेकोरपणा तपासून पाहू. दोरी चार मीटर लांब आहे आणि एका टोकाला आपली तीन मिलिमीटर चूक झाली. ३५५ मिलिमीटरच्या रिमवर त्या चुकीचा परिणाम पाव मिलिमीटरच्या आसपास उरतो. लांब दोरी चुकीला पातळ करते. नीट डोळ्याने अर्धा मिलिमीटर वाचला, तर कोनात ते सुमारे पाच मिनिटे होतात, एका अंशाचा बारावा भाग. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला एवढे पुरते. दोरीची ही पद्धत गरिबाची सोय नाही, याचा पुरावा रेसिंगच्या गॅरेजांत आहे. तिथे आजही मोटारीच्या पुढे-मागे खाचा असलेल्या नळ्या लावून दोऱ्या ताणतात. असे छायाचित्र मी प्रथम पाहिले, तेव्हा माझी नजर मोटारीकडे गेलीच नाही, खाचांवर खिळली.

आणखी एक गोष्ट लक्षात आली. दोन चाकांमधले अंतर पुढून-मागून मोजणारे गेज चाकांची तुलना एकमेकांशी करते. दोरी प्रत्येक चाकाची तुलना गाडीच्या मध्यरेषेशी करते. मागची चाके तिरकी असतील तर गाडी कुत्र्यासारखी तिरकी धावते आणि ती सरळ नेण्यासाठी स्टिअरिंग वाकडे धरावे लागते. पुढच्या दोन चाकांचा एकमेकांशी हिशेब जुळला असला तरी हे होते. मोजमाप बारीक असून भागत नाही. कशाच्या तुलनेत मोजतो, ते आधी ठरावे लागते.

कॉव्हेंट्रीजवळचा एक रविवार

दोरीची बाजू घेताना सुतावरून स्वर्ग गाठायचा नाही, असे मी ठरवले होते. संधी २०१८ मध्ये मिळाली. माझा भाचा इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीजवळ राहतो. त्याच्याकडे माझ्दा एमएक्स-५ ची पहिल्या पिढीतली एक मोटार आहे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आलेली ही छोटी, उघड्या टपाची जपानी मोटार एलानसारख्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार डोळ्यांसमोर ठेवून केली होती. घरी काम करणाऱ्याला ती मोहात पाडते, कारण तिची चारी चाके दोन-दोन आर्मांवर आहेत आणि खालच्या आर्मांचे बोल्ट विकेंद्री चकत्यांचे आहेत. बोल्ट फिरवला की आर्म आत-बाहेर सरकतो. मागे मात्र एकाच आर्मवर असे दोन बोल्ट आहेत आणि कुठलाही एक फिरवला तरी टो आणि कॅम्बर दोन्ही बदलतात. एकाला धरायला जावे तर दुसरा निसटतो.

पहिले दोन दिवस फक्त बोल्ट सोडवण्यात गेले. इंग्लंडच्या रस्त्यांवर हिवाळ्यात मीठ टाकतात. बोल्ट बुशच्या पोलादी नळीत गंजून बसले होते. तेल सोडायचे, रात्रभर थांबायचे, सकाळी पुन्हा पाना लावायचा. रविवारी दोऱ्या ताणल्या. चालकाच्या जागी भाच्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या ठेवल्या, टायरची हवा पाहिली, चाकांखाली ग्रीस लावलेल्या प्लॅस्टिकच्या चकत्या सरकवल्या, म्हणजे जुळवताना चाक जमिनीला अडून बसत नाही. रिम वाकडी असेल तर तीच चूक मोजली जाते, म्हणून प्रत्येक माप चाक अर्धा वळसा फिरवून पुन्हा घेतले. कॅम्बर रिमला पाणसळ टेकवून पाहिला. कॅस्टरसाठी चाक दोन्हीकडे वीस-वीस अंश वळवून कॅम्बर किती बदलतो ते पाहायचे आणि त्याची साधारण दीडपट करायची. वीस अंश घरी नेमके ठरवणे कठीण, म्हणून कॅस्टरचे आमचे आकडे आम्हालाच पटले नाहीत. शेवटी प्रत्येक लॉकनट मी घट्ट केला आणि भाच्याने पुन्हा तपासला. संध्याकाळ झाली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मोटार मुद्दाम कॅमेऱ्याच्या यंत्रावर नेली. आमचा टो चारी चाकांवर यंत्राशी जुळला. भाचा खूश झाला. मग कॅम्बरचे आकडे आले. मागच्या डाव्या चाकाला आम्ही ठरवल्यापेक्षा अर्धा अंश जास्त झुकाव होता, उजव्याला अर्धा अंश कमी. चूक दोन्हीकडे सारखी आणि उलट्या दिशेची, याचा अर्थ मला लगेच लागला. चाके चुकली नव्हती, जमीन चुकली होती. पाणसळ गुरुत्वाकर्षणाच्या तुलनेत मोजते. गॅरेजच्या फरशीला मागच्या चाकांखाली एका बाजूला साधारण बारा मिलिमीटर उतार असला, तर नेमका असाच फरक पडतो. परत येऊन पाण्याच्या नळीने पाहिले. उतार होता. दोरीची मध्यरेषा आम्ही तीनदा तपासली होती, फरशी एकदाही नाही.

दुकानातल्या तंत्रज्ञाने कॅम्बर वीस मिनिटांत सुधारून दिला. तो जे बोलला, तेही इथे नोंदवायला हवे. बोल्ट गंजलेले असते तर मी फक्त पुढचा टो जुळवून गाडी परत दिली असती, ठरलेल्या पैशांत बोल्ट सोडवत बसणे मला परवडत नाही, असे त्याने सांगितले. आणि ते आकडे भाच्याने लिहून नेले नसते, तर यंत्रावर सगळे रकाने हिरवे झाले की तो थांबला असता. हिरवा म्हणजे कारखान्याच्या मर्यादेत, एवढेच. मर्यादेच्या एका टोकाला डावे चाक आणि दुसऱ्या टोकाला उजवे, तरी दोन्ही हिरवेच.

तेव्हा घर की दुकान, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. टो घरी मोजता येतो आणि जुळवता येतो, पुरेसा बिनचूक. कॅम्बर घरी होतो, पण फरशी सपाट केल्यावर, त्याआधी नाही. कॅस्टर तपासायला दुकान बरे. गंजलेले बोल्ट सोडवण्याचा वेळ आणि आकडे कोणते हवेत याचा विचार मालकानेच द्यायचा असतो, तो कोणत्याही पैशांत विकत मिळत नाही. आणि वर्षातून एकदा आपली दोरी दुसऱ्याच्या यंत्रापुढे ठेवावी. हेन्सच्या त्या पानाने ‘तपासून घ्या’ म्हटले असते, तर ते बरोबर ठरले असते. त्याने ‘सोपवा’ म्हटले.

मी कुठल्याही संस्थेत शिकलो नाही. जे वाचले ते एकट्याने, आणि बरेचदा स्वतःचीच फरशी सपाट धरून. म्हणून त्या अर्ध्या अंशाचे मला आजही बरे वाटते. ती चूक मला एकट्याला कधीच सापडली नसती.

इंग्लंडहून परतल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो. ते सत्तरीच्या पुढचे, काम सोडलेले. १९८८ चा प्रसंग मी आठवणीने सांगितला आणि माझे चुकले म्हणालो. ते म्हणाले, डॉक्टरांची गाडी आठवते, बाकी काही आठवत नाही. खरे बोलत होते की नाही, कळले नाही. मग मी रेसिंगच्या गॅरेजचे छायाचित्र मोबाइलवर दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते मोठे केले आणि बराच वेळ पाहिले.

“पट्ट्या कसल्या आहेत?”

“ॲल्युमिनियमच्या नळ्या आहेत, मिस्त्री.”

“सागवान बरं,” ते म्हणाले. “ॲल्युमिनियम उन्हात वाढतं.”

दोन्ही नळ्या सारख्याच वाढतील, दोऱ्या समांतरच राहतील, असे माझ्या तोंडावर आले होते. या वेळी मी ते बोललो नाही.